खिएमची तिथी

नाम दिन्ह,
१२ जून २०११

प्रिय न्यानताई,

तोआनचा नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इकडे आम्ही बरे आहोत. बायकोचा गुडघा दमट हवेत कुरकुरतो. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून मी तिच्या पायात पायात येतो, म्हणून ती दिवसातून दहादा मला बाजारात पिटाळते. तुमची भातकापणी उरकली का? यंदा दाणा कसा भरलाय?

तू लिहिलंस की गावच्या शहिदांच्या दफनभूमीत खिएमच्या रिकाम्या थडग्यावर नवा दगड बसवायचाय आणि पाथरवट येत्या आठवड्यात तिथी कोरणार आहे. 'सहाव्या महिन्याची पंचमी, बरोबर ना, तेवढं कळव.' एका ओळीचं उत्तर. त्या ओळीसाठी मी चार दिवस कागद घेऊन बसतोय आणि उठतोय. आज सकाळपासून तीनदा उठलो. एकदा तर सायकलच्या साखळीला तेल घातलं, कालच घातलेलं असताना.

तुझी माझ्याबद्दल एक जुनी तक्रार आहे. खिएमच्या श्राद्धाला मी न चुकता येतो, पण उदबत्ती विझून पितरांपुढची ताटं खाली आली की गुडगुडी ओढायला अंगणात पळतो. "अरे, भात निवला! आमच्या घरचं गोड लागत नाही का शहरवाल्यांना?" असं तू दारातून ओरडायचीस. मग तुझी आणि खिएमची आई मला हाताला धरून आत न्यायची. खेकड्यांचं सार, खारवलेली वांगी, सगळं खिएमच्या आवडीचं. "खा रे, त्याच्या वाटणीचं आहे. माझा मुलगाच ना तू? लाजतोस काय!" मी खायचो. वाटेत परतताना दोनदा तर बांधावर ओकलो आहे.

गेल्या हिवाळ्यात आई गेली तेव्हा मला आधी हायसं वाटलं. आता तिला काही सांगावं लागणार नाही, असं. ते वाटल्याबरोबर मला माझीच किळस आली.

आता लिहितोच. पंचमीला खिएम जिवंत होता.

त्या सकाळी क्वांग त्रीच्या नदीकाठी, एका पडक्या घरात, त्याच्या कमरेत तोफगोळ्याचा तुकडा घुसला. त्याला चालता येईना. मी म्हटलं, "पलीकडे जाऊन झोळी आणि दोन माणसं घेऊन येतो. संध्याकाळच्या आत." आमच्याकडे सुक्या शिध्याची एकच वडी उरली होती, ती मी त्याच्यापाशी ठेवली. तो म्हणाला, "लवकर ये हं, नाहीतर तुझं अर्धंही मीच खाईन. मग रडू नकोस."

मी नदी ओलांडली आणि पाय परत वळेनात. मला जखम नव्हती, ताप नव्हता. भीती होती, बाकी काही नाही. तुकडीप्रमुखाने विचारलं, "खिएम कुठाय?" मी म्हटलं, "गेला. आज सकाळी." त्याने ते वहीत लिहून घेतलं. त्यावरूनच मृत्यूचा कागद पुढे तुमच्या दारात आला आणि त्याच कागदावरून आई दरवर्षी त्या पंचमीला खेकडे कुटत बसली.

अष्टमीला दुपारी मी एकटाच परत गेलो. का गेलो, तिथवरचं धैर्य कुठून आलं, मला आजही माहीत नाही. तो गेलेला होता, पण हात अजून ताठरला नव्हता. फार तर तासभर झाला असेल. शेजारी कागदात नीट गुंडाळून अर्धी वडी ठेवलेली होती. त्याने माझ्या वाटणीला हात लावला नव्हता, ताई. तीन दिवस.

मी त्याला तिथेच पुरलं. तुम्हाला सांगितलेलं तेवढं खरं आहे. पुढच्या महिन्यात तोफांनी तो अख्खा काठ नांगरून काढला, तेही खरं.

दरवर्षी त्या अष्टमीला मी माझ्या घरी भात आणि सार ठेवतो. सार मला जमत नाही, फुटतं. बायको विचारते, "हे कुणाचं श्राद्ध?" मी म्हणतो, दूरच्या नातलगाचं. पण परक्या घरात तो येत असेल का? तुमच्याकडे तो जिवंत असतानाचं ताट मांडलं जातं आणि मेल्या दिवशी त्याच्या नावाने तुमच्या घरात एक काडीही पेटत नाही. मी गेल्यावर हे सांगणारं कुणी उरणार नाही, आणि दगडावर कोरलेलं पुसता येत नाही. पाथरवटाला थांबव. अष्टमी कोरायला सांग.

मला माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. आईकडे मागायची होती ती माफी, तुझ्याकडे मागून तुला कशाला अडचणीत टाकू? रागाव, शिव्या दे, गावात सगळ्यांना सांग. तुझा तो हक्क आहे.

यंदा पंचमीला मी येणार नाही. अष्टमीला पहिल्या बसने येईन. फाटक लावलेलं दिसलं तर बाहेरच उदबत्ती लावून परत फिरेन, तुला हाक मारणार नाही. उघडं असलं तर माझं पान मांडू नकोस. फक्त त्याला वाढ. त्याच्या खऱ्या दिवशी तुझ्या हातचं त्याला एकोणचाळीस वर्षांत एकदाही मिळालेलं नाही.

खिएमने ज्याची तीन दिवस वाट पाहिली,
तो तोआन