दादाच्या स्विंगमधले दोष

४ जानेवारी, सकाळी
नवा ड्रायव्हर आला. गोल्फची लांब मारायची काठी, डोकं टायटॅनियमचं, वजन फुलासारखं. जुन्यात काय वाईट होतं, असं हिने विचारलं. जुना मला साथ देत नव्हता, असं सांगितलं. ती म्हणाली, त्याच्या आधीचाही देत नव्हता.

या वर्षीचा संकल्प एकच. दादाला एकदा तरी मागे टाकायचं. मी निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघे भाऊ दर रविवारी खेळतोय आणि दर रविवारी तोच जिंकतो. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. काठ्या जुनाट, ग्लव्हला भोक, सराव शून्य. तरी चेंडू सुतासारखा सरळ. नंतर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "बारक्या, पुढच्या वेळी." नातवाचा आजोबा झालो तरी बारक्याच.

यंदा काम शास्त्रशुद्ध. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून दोघांचे स्विंग शूट करायचे, घरी बसून अभ्यास करायचा. दोन छंद, एकच खर्च.

११ जानेवारी
हरलो. माझा स्विंग स्लो मोशनमध्ये पाहिला. लेन्समध्ये दोष आहे. माझं पोट इतकं नाही. दुकानदार म्हणाला, वाइड लेन्स कडेच्या गोष्टी ताणून दाखवते. मी फ्रेमच्या मध्यभागी उभा होतो, हे त्याला सांगत बसलो नाही. नवी लेन्स घेतली.

८ फेब्रुवारी
जिंकलो. दादाशी. आयुष्यात पहिल्यांदा.
नवा ड्रायव्हर, नवी लेन्स, नवी ग्रिप. अभ्यासाला फळ येतंच.
सहाव्या होलवर दादाने माझाच चेंडू मारला. चुकीचा चेंडू मारला की होल गेलं. मी नियमावर बोट ठेवलं, त्याने मान डोलावली. नवव्याला तर पहिला फटका मारायला हातात पटर घेऊन उभा राहिला. पटर म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी. मी म्हटलं, दादा, पटर आहे तो. हातातल्या काठीकडे बघत राहिला, मग हसला. "तुझं लक्ष आहे का ते बघत होतो." समोरच्याचं चित्त विचलित करायचे जुने डाव. मी बधलो नाही.
हिला सगळं रंगवून सांगितलं. तिने विचारलं, दादा बरे आहेत ना? नवरा जिंकून आलाय आणि चौकशी हरलेल्याची.

२२ फेब्रुवारी
पुन्हा जिंकलो. हॅटट्रिक.
संध्याकाळी वहिनीचा फोन. दादा भाजी आणायला गेला होता. वाटेत गाडी बाजूला घेऊन बसून राहिला. घर डावीकडे की उजवीकडे, आठवेना. कुणी ओळखीच्याने आणून सोडला. तिला त्याला डॉक्टरांकडे न्यायचंय, तो ऐकायला तयार नाही. "तुमच्या शब्दाबाहेर नाहीत ते, भाऊजी. तुम्ही नुसते बरोबर चला."
तिची समजूत घातली. या वयात हे चालायचंच. परवा मी चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर शोधला. ती हसली नाही. मार्चअखेर क्लबची ज्येष्ठांची स्पर्धा आहे, ती झाली की नक्की, असं सांगितलं. मधेच तपासण्यांचं लचांड मागे लागलं तर दादाचा फॉर्म जाईल. त्याच्याच भल्याचं बोललो.
वहिनी पहिल्यापासून काळजीखोर.

१ मार्च
जिंकलो. आता रोज काय लिहायचं.
आज अभ्यासाला दादाचे स्विंग घेतले. बर्स्टमधली, म्हणजे एका दमात सलग टिपलेल्या फोटोंमधली, एकेक फ्रेम पाहिली. मोठा दोष सापडला. फटका मारायच्या आधी चेंडूकडे बघतच नाही. झेंड्याकडेही नाही. माझ्याकडे बघतो. मग ट्रायपॉडकडे. मग पुन्हा माझ्याकडे. एकाग्रतेचा अभाव.
एक क्लोजअप मोठा करून पाहिला. फोकस असा की पापण्यांचा केस न् केस दिसावा. तरी डोळ्यांत काहीतरी कमी पडतंय. ढगाळ हवेमुळे प्रकाश सपाट आला असणार. रिफ्लेक्टर घ्यावा. कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला. नाही आलं.

१५ मार्च
वहिनीने अपॉइंटमेंट घेतली. नेमकी सरावाच्या रविवारनंतरच्या सोमवारी. सोमवारी क्लबमध्ये पटिंगचा कोच येतो, आठवड्यातून एकदाच. पुढे ढकला म्हटलं. बरं, म्हणाली. तिचं बरं म्हणणं मला आवडलं नाही.
ही फोन ऐकत होती. मला वाढलं, स्वतःचं ताट घेतलंच नाही. म्हणाली, "त्यांना बरं नाही हे मान्य केलं, तर तुमचं जिंकणं जातं. म्हणून चाललंय हे सगळं."
अत्यंत अन्यायकारक. तीस वर्षांच्या संसारात इतकं अन्यायकारक कधी बोलली नव्हती. उत्तर सुचलं की लिहीन.

१६ मार्च
उत्तर सुचलं नाही. ग्रिप बदलून पाहिली.

२९ मार्च
स्पर्धा. सेमीफायनलला समोर दादाच आला. मी दोन होलांनी पुढे. चौदाव्याला त्याचा चेंडू झाडीत गेला. शोधायला गेला.
चेंडू शोधायला नियमाने तीन मिनिटं. मी घड्याळ लावलं. हे लिहायला नको होतं, पण लावलं. तीन मिनिटं झाली. होल माझं. हाक मारली. पुन्हा मारली. मग धावलो.
पलीकडच्या कुंपणाशी उभा होता. जाळीत बोटं अडकवून बाहेरच्या रस्त्याकडे बघत. काठी कुठे टाकली होती कोण जाणे. म्हटलं, दादा, चल. म्हणाला, "शाळा सुटली का? बारक्याला आणायचंय. थांबायचा नाही तो, रडेल."
त्याचा हात धरून गेटपर्यंत आणला. वाटेत दोन वेळा घाई कर म्हणाला.
कमिटीने मॅच मला दिली. फायनलसाठी नाव पुकारलं तेव्हा मी गाडीत होतो. दादाला पट्टा लावून देत होतो.

९ एप्रिल
वहिनीबरोबर दादाला घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. मी चल म्हटल्यावर एका शब्दाने विरोध केला नाही. कपडे करून दारात उभा.
डॉक्टरांनी विचारलं, हे केव्हापासून. वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मी कॅमेरा काढून दिला. फेब्रुवारीपासूनचे सगळे स्विंग, तारखेसकट. त्यांनी निवांत पाहिले. ग्रिपबद्दल, फॉलो-थ्रूबद्दल काही विचारलं नाही. इतकं सगळं दिसत होतं तर तेव्हाच का आणलं नाहीत, एवढंच विचारलं. वहिनी म्हणाली, कामं होती सगळ्यांना. माझी बाजू घेतली तिने.
औषधाने आजाराचा वेग थोडा कमी होईल, डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येणार नाही.

वहिनी आत कागद घेत थांबली. आम्ही दोघे बाहेर बाकावर. दादाने माझ्या बॅगेकडे बोट केलं.
"फोटोग्राफर का?"
हौस आहे, म्हटलं.
"आमच्या बारक्यालाही भारी हौस. गोल्फचीसुद्धा. दर वर्षी नवी काठी घेतो." हसला. "हात चांगला आहे पोराचा. शेवटी शेवटी घाबरतो आणि घालवतो. मी दोन वेळा मुद्दाम वाईट खेळलो, म्हटलं जिंकू दे एकदा. तरी जमलं नाही त्याला."
मी बॅगेची चेन लावली. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "तुम्ही खेळता का गोल्फ?"
शिकतोय, म्हटलं.