शेवटचं कडवं

नोव्हाय, मिशिगन
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. राजाराममामांस,
जागृतीचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे खुशाल. थंडी पडायला लागली, तुमच्या जावयाने, परीक्षितने, कालच गाडीला बर्फात चालणारी चाकं चढवली. माझं कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासायचं काम चालूच आहे. गाणं गायलं म्हणून इथे कोणी रजा देत नाही. तुमचा अनुपदादा सांगत होता, तुम्ही कानाचं मशीन काढून कपाटात ठेवलंत आणि म्हणता, "ऐकण्यासारखं आता बोलतंय कोण?" म्हणून फोन न करता लिहिते आहे.

सोबत माझा अल्बम पाठवते. मोठी काळी तबकडी आहे, जुन्या काळासारखी. इथे तिची पुन्हा चलती आहे. आतला गाण्यांचा कागद मात्र लगेच उघडू नका. आधी हे पत्र पूर्ण वाचा.

तुमची सवय मला माहीत आहे. आपल्या गायनपार्टीत कोणी नवं गाणं लिहून आणलं की तुम्ही कागद घेऊन आधी शेवटचं कडवं वाचायचात. "गाणं कोणाचं ते आधी बघावं, कसं आहे ते मग." शेवटी लिहिणाऱ्याचं नाव गुंफलेलं नसलं तर कागद परत. मी दहा वर्षांची असताना नाव न घालता लिहिलेलं माझं गाणंही तुम्ही परत केलं होतंत, आणि मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

अल्बमात नऊ गाणी आहेत, सगळी इंग्रजीत. या प्रकाराला कंट्री रॉक म्हणतात. गिटार, ड्रम आणि पेडल स्टील नावाचं टेबलासारखं एक वाद्य, जे मोकळेपणाने रडतं. बँजोही आहे, पण आपल्या पार्टीतला बटणांचा बेंजो नव्हे. विषय मात्र ओळखीचे: आई, रस्ता, घर सोडून जाणं. तुम्हाला ऐकू आलं असतं तर दोन-चार चुका काढून तिसऱ्या गाण्यावर मान डोलावली असतीत.

पाचवं गाणं तुमचं आहे.

'पांढरं लुगडं नेसून माय नागपुराला निघाली, पायात नव्हती वहाण, वाट तिलाच भ्याली.' छप्पन साली आजी उमरेडकडून दोन दिवस चालत दीक्षेला गेली, तेच. मी ते इंग्रजीत आणलं. चाल तुमचीच ठेवली. फक्त शेवटचं कडवं त्यात नाही. गाणं लांबत होतं, आणि रेकॉर्डिंग करणारा केविन म्हणाला की चार मिनिटांपुढे गेलं तर रेडिओवाले घेत नाहीत.

मामा, हे शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडणार होते, पण राहू दे, तुम्हाला दिसू दे.

केविन असं काही म्हणालाच नाही. त्याला ते कडवं सगळ्यात आवडलं होतं. मी गाऊन दाखवल्यावर त्याने हेडफोन काढला आणि विचारलं, "हू इज राजाराम?"

मी म्हणाले, "नोबडी. त्या लोकांची गाणी अशीच संपतात."

तुम्हाला मी 'कोणी नाही' म्हणाले. वर 'त्या लोकांची' म्हणाले, जशी मी त्यांच्यातली नाहीच. शेजारी बास गिटार वाजवणारा देवांग बसला होता, पुण्याचा. तीन वर्षं आम्ही एकत्र वाजवतो आणि तीन वर्षं मी त्याच्यापुढे आडनाव टाळते आहे. तुमचं नाव सांगितलं असतं तर दीक्षा सांगावी लागली असती, आजी पांढरं का नेसली तेही सांगावं लागलं असतं. देवांगने कधी काही विचारलेलं नाही. भीती माझीच होती, इथवर विमानाने आणलेली. मग मी कडवं काढलं, नागपूरचं नुसतं 'सिटी' केलं आणि कागदावर लिहून दिलं: गीत, जागृती. कव्हरवरही तेवढंच आहे.

पंचवीस ऑक्टोबरला एका छोट्या बारमध्ये प्रकाशन झालं. इथल्या विहारात रविवारी वंदना घेणाऱ्या सुवर्णाकाकू काठी टेकत आल्या होत्या. बाहेर पार्किंगमध्ये माझा हात धरून म्हणाल्या, "गायलीस छान. पण माय एकटीच कशी गं पोचली? नागपूरला आम्ही ऐकायचो तेव्हा तिच्यासोबत पोरगा होता."

'बोट धरून चालला होता सात वर्षांचा पोर, राजाराम म्हणे, आजही चालते माय समोर.'

माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. मला वाटत होतं की मी एक नाव वगळलं. मी तर आजीचं बोट धरून दोन दिवस चाललेल्या पोराला वाटेतूनच काढून टाकलं होतं. गाडीत बसून खूप रडले. परीक्षितने लांबच्या रस्त्याने गाडी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी केविनला आणि देवांगला सगळं सांगितलं. देवांग म्हणाला, "अगं, मग आधीच सांगायचंस ना यार." ते एवढं सोपं नव्हतं, हे त्याला कधी कळेल की नाही, माहीत नाही. ऑनलाइन तुमचं नाव आता लागलं आहे. तबकड्या मात्र छापून झाल्यात. उरलेल्या प्रत्येकीच्या कागदावर मी ते कडवं मराठीत हाताने लिहिते आहे. रोज संध्याकाळी वीस होतात, मग बोटं दुखतात.

तुम्ही विहारात सांगून ठेवलंय म्हणे की येत्या पौर्णिमेला भाचीचा अल्बम दाखवणार. म्हणूनच हे पत्र आधी वाचा म्हणाले. तुमच्या कागदावर मी कडवं लिहिलेलं नाही. पाचव्या गाण्याखाली जागा कोरी सोडली आहे. जे मी काढून घेतलं ते माझ्याच अक्षरात तुम्हाला परत करायला हात धजला नाही. मन झालं तर तुम्ही लिहा. नाही झालं तर कोरंच दाखवा, आणि कोणी विचारलं तर खरं ते सांगा. मला राग येणार नाही.

मामींना जयभीम. मशीन कपाटातून काढा, अनुपदादाचा घसा बसतो.

केविनच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला दिलं आहे. तुम्हालाही लेखी देते. राजाराम माझे मामा. मला गाणं त्यांनी शिकवलं, आणि गाण्याखाली नाव घालायलाही.

तुमची भाची,
जागृती दिगंबर मेश्राम