सांगता येत नाही, हे सांगायचं कसं

३ मार्च, सकाळ
आजपासून मी पोलीस मुख्यालयाचा जनसंपर्क अधिकारी. साहेब म्हणाले, लोकांना कळायला हवं ते कळू द्या, चोरांना कळायला नको ते कळू देऊ नका. एवढंच! बायको म्हणाली, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुम्हाला हे खातं दिलं कुणी? बायकांना नवऱ्याची खोली कधी कळतच नाही.
संकल्प: तोंडाला कुलूप.

४ मार्च
पहिलं गिऱ्हाईक. एक निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतात. त्यांच्या कॉलनीत घरफोड्या होतायत. कुठल्या गल्लीत, साधारण कुठल्या वेळेला, एवढं सांगा, म्हणजे आम्ही आळीपाळीने लक्ष ठेवू, म्हणाल्या. नम्रपणे नकार दिला. माहिती चोरांच्या हाती पडली तर? बाई म्हणाल्या, अहो, चोरी कुठे केली ते चोरांना माहीत असतंच की.
मुद्दा अगदीच कच्चा. उत्तर लगेच सुचलं नाही, ती गोष्ट वेगळी.

७ मार्च
वेबसाइट उघडली आणि हादरलो. सगळ्या ठाण्यांचे फोन नंबर उघड्यावर! काढून टाकले. इमारतीतल्या दारांवरच्या पाट्याही उतरवल्या. शत्रूने काय पाट्या वाचत वाचत आत यावं?
दुपारी एक वार्ताहर आला. कॅन्टीन कुठे आहे, म्हणे. मी म्हटलं, नो कमेंट्स. तो म्हणाला, बातमी नकोय हो, भूक लागलीय. सगळे असंच म्हणतात.

११ मार्च
तक्रारींचे फोन एकदम कमी. साहेबांना आलेख दाखवला. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. कौतुकाला शब्द सापडत नसावेत. मग म्हणाले, नंबर आत्ताच्या आत्ता परत टाका, आणि त्याआधी बाथरूमची पाटी लावा.
लावली. मोठ्या पदावर बसलं की माणसाला दूरचं दिसत नाही.

१५ मार्च
गुप्त बैठक! घरफोड्या करणाऱ्या टोळीचा माल जुन्या गिरणीमागच्या गोदामात आहे. शुक्रवारी पहाटे छापा. प्रेसनोट तयार हवी म्हणून मलाही बसवलं. साहेब म्हणाले, ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये. सांगताना माझ्याकडेच का बघत होते, कोण जाणे. विश्वास असावा.
संध्याकाळी बायकोला फक्त एवढंच म्हटलं, की शुक्रवारी पहाटे मला महत्त्वाचं काम आहे. तिने ‘बरं’ म्हणून भाजी चिरायला घेतली. काय काम, विचारलंसुद्धा नाही! माणसाने गुपित पाळायचं तरी कुणासाठी?
घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं, “शुक्रवारी सकाळी टीव्ही बघा. जास्त विचारू नका.” कुणीच विचारलं नाही. मग जरा सविस्तर लिहावं लागलं. ग्रुपवर सगळी आपलीच माणसं. शेवटी ‘टॉप सीक्रेट’ असंही टाकलंय. मेहुण्याने अंगठा दाखवला.

१८ मार्च
छापा पडला. गोदाम रिकामं. नुसतं रिकामं नाही, झाडून काढलेलं.
आणि सगळी कुमक गिरणीपाशी असताना, तिकडे बाईंच्या कॉलनीत घर फुटलं. बाईंचे शेजारी, एक आजोबा, आडवे आले. त्यांना ढकललं. हात मोडला.
साहेब म्हणाले, बातमी आतून फुटली. शोध घ्यायचं काम मी आपणहून मागून घेतलं. कुणाला काय माहीत होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?
संशयित: वार्ताहर, कॅन्टीनचा चहावाला, बाई.

२० मार्च
चहावाल्याला फैलावर घेतलं. गडी लगेच कबूल झाला. म्हणाला, छाप्याचं मला बुधवारीच कळलं होतं, साहेब. बाजारात सगळ्यांच्याच फोनवर फिरत होतं. मेसेज दाखवला. वाचला. काय ही बेफिकिरी! भाषा मात्र झकास. लिहिणारा मुरलेला दिसतो.
पुन्हा वाचला. खाली लिहिलं होतं: “ताईच्या मिस्टरांकडून. पक्की खबर.”
चहा थंड झाला.

२१ मार्च
साहेबांना समजावलं, की चूक मेहुण्याची. मी माहिती जाहीर केली नाही, घरात बोललो. घर म्हणजे काय चव्हाटा? साहेब म्हणाले, तुम्ही असलात की होतो. कॉलनीत सभा आहे. बातमी कुणी फोडली, असं बाईंनी लेखी विचारलंय. उत्तर तुम्हीच वाचायचं.
मसुदा केला: “तपासाच्या हिताच्या दृष्टीने नाव उघड करणे उचित होणार नाही.” साहेबांनी फाडला. स्वतः एक ओळ लिहून दिली. शैली नाही, काही नाही.

२४ मार्च, संध्याकाळ
कॉलनीच्या हॉलमध्ये सभा. पहिल्या रांगेत आजोबा, हात गळ्यात अडकवलेला. शेजारी बाई. कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, त्यात वाचून टाकलं असतं.
नागरिकांचा हक्क आणि सुरक्षा यांचा समतोल, अशी प्रस्तावना मनात जुळवली होती. आजोबांकडे नजर गेली आणि ती कुठे पळाली कोण जाणे. साहेबांची ओळ वाचली. छाप्याची बातमी मी फोडली.
आजोबा म्हणाले, जरा मोठ्याने वाचा हो, मागच्यांना ऐकू आलं नाही.
पुन्हा वाचलं.