उलटे शर्ट

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. गुडघा दुखत असेल आणि औषध घेत नसशील, हे धरूनच लिहितेय. आम्ही मजेत. झालं कुशल! आता भांडण. बहिणीकडे यायला टाय कशाला लागतो रे?

हो, कळलं मला! कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आज सकाळी सहज बोलून गेला. "वहिनी, निकालाच्या दिवशी एक उंच पाहुणे आले होते, जरा लंगडत. माझ्याकडून टायची गाठ नीट करून घेतली, तुमच्या गच्चीकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेले." माझ्या हातातली चादर खालीच पडली. दादा, सरहद्द ओलांडून इथवर आलास आणि जिना चढला नाहीस?

हे निवडून आले ते तुला माहीतच आहे. कसे आले ते ऐक. जंगलात तुझ्या हाताखाली इतकी वर्षं काढली ना, अजून मोठ्याने बोलता येत नाही. सभेत उभे राहिले की कुजबुजतात. माइकवाला रडकुंडीला आला होता. पण लोक ऐकायला पुढे पुढे सरकायचे, अगदी चिडीचूप! आधी गावचे सरपंच, मग आमदार, आणि आता सोमवारी मंत्रिपदाची शपथ. खातं कुठलं मिळतंय? पूल आणि रस्ते! हसू नकोस. तुम्ही दोघांनी उडवलेले पूल आता यांनाच बांधायचे आहेत.

जिंकल्यावर घरात नुसता गोंधळ, जो तो मिठ्या मारतोय आणि हे आपले दाराकडे बघतायत. कुणाची वाट बघताय म्हटलं, तर म्हणे, "कुणाची नाही." खोटारडे!

तर आज मी टायवाल्या पाहुण्याचं सांगितलं. यांनी एवढंच विचारलं, "गच्चीवर काय होतं?"

"काय असणार? धुणं. तुमचे प्रचारातले शर्ट."

"कसे वाळत घातले होतेस?"

"उलटे, कॉलर खाली! खांद्यावर चिमट्याचे वळ उठतात म्हणून."

हे पायरीवर बसले आणि तुमची जंगलातली खूण यांनी सांगून टाकली. मग मला समजलं. उलटा शर्ट म्हणजे घरात शिपाई, मागे फिर; सरळ शर्ट म्हणजे वाट मोकळी, ये. मी तर अख्खी दोरी उलट्या शर्टांनी भरली होती. तुला वाटलं असेल, पलटणच येऊन बसलीय! तुमच्या खुणा मला आधी सांगायला काय झालं होतं? "ठमीला कळलं की गावाला कळलं," म्हणायचास ना? मग भोगा!

पण दादा, खरी गोष्ट पुढेच आहे. यांनी शस्त्रं टाकल्यापासून आमच्या घरी धुणं हे स्वतः वाळत घालायचे. मला हात लावू देत नसत. शेजारणी जळायच्या आणि मी मिरवायची, काय गुणी नवरा मिळालाय! प्रचारापासून निकालापर्यंत यांना सवड नव्हती, तेवढेच दिवस दोरी माझ्या ताब्यात आली. इतकी वर्षं तो माणूस रोज कॉलर वर करून शर्ट लावत होता, कधी काळी तू त्या कोपऱ्यावर आलास तर तुला दिसावं म्हणून. मी ढसाढसा रडले बघ.

यांनी शस्त्रं टाकली तेव्हा तू शेवटचं काय बोलला होतास, ते या घरात कुणी काढत नाही. "आजपासून तू मला मेलास." यांना वाटतं, तू अजूनही तेच म्हणतोस. मी मानत नाही. भांडायला येणारा माणूस टाय घालत नाही.

तुझ्यावरचे खटले मागे घेतलेत, तो आदेश मी स्वतः वाचलाय. सरहद्दीपार औषधं नेणाऱ्या माणसाच्या हाती हे पत्र देतेय, तो उद्या पलीकडे पोचेल. शपथविधीला पहिल्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवलीय. शर्टांमुळे परत गेला असशील तर ये. यांच्यामुळे गेला असशील तरी ये आणि काय ते यांच्या तोंडावर बोल. ते ऐकून घेतील. मला ठाऊक आहे.

आत्ता हे गच्चीवर आहेत. होणारे मंत्री तोंडात चिमटे धरून, आणि पहारेकरी बादली धरून. सगळे शर्ट सरळ आहेत, दादा.

टायची गाठ या खेपेला मी बांधून देईन.

तुझी वाट बघणारी,
ठमी