राहेलबाई आणि बसवराज

९ जानेवारी १९९९, शनिवार
कळंब्याच्या तुरुंगात साक्षरतेचा वर्ग. शेवटच्या रांगेत एक नवा. उंच, बोजड हातांचा. कानडी वाचतो, मराठी लिहिता येत नाही. मूळचा कुरुंदवाडचा, इचलकरंजीत मागावर कामाला होता. नाव बसवराज. पाटी दाखवायला आला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमी मला वळखलं न्हाई. मी तुमास्नी कोर्टात बघितलंय. यशवंतच्या आईशेजारी बसला हुता."
खडू हातातच राहिला. यशवंत म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या राहेलबाईंचा एकुलता. माझ्या शाळेत शिकला, बाप्तिस्माही मीच दिला. मागाच्या शेडमध्ये पाळी बदलताना भांडण झालं, डोक्यात लोखंडी दांडा बसला, जागीच गेला. मारणारा हा.
कोर्टात मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नसणार.
पुढे काय शिकवलं, आठवत नाही.

१० जाने., रविवार
उपासना. रा.बाई पुढच्या बाकावर. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून थेट येतात, पदराला फोडणीचा वास. "सलाम, पाळकसाहेब." सांगणार होतो. सलाम घालून पुढे गेलो.
बायकोला, सुमनला मात्र सांगितलं. म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी पाठवा तुरुंगात." पाठवू कुणाला? आणि का पाठवू? शिकवायचं म्हटल्यावर विद्यार्थी निवडून कसे घ्यायचे?


३ जुलै १९९९
ब. जोडाक्षरांपर्यंत आला. चुकलं की स्वतःवरच चिडतो. मला त्याचा राग यायला हवा. आज त्यानं 'प्रश्न' बरोबर लिहिलं आणि मला आनंद झाला. शिक्षकाला होतो तसा. परत येताना बसमध्ये त्या आनंदाची लाज वाटत राहिली.

२२ जाने. २०००
वाचायला काहीतरी मागत होता. बायबलचा नवा करार दिला. द्यावा की नाही, याचा फार विचार केला नाही. करायला हवा होता का?

६ ऑक्टोबर २००१
झालं. आज बसवराज म्हणाला, "सर, मला घ्या की तुमच्यात. बाप्तिस्मा द्या."
विचारलं, लवकर सुटका व्हावी म्हणून?
"त्यानं सुटत न्हाईत, सर. हितं समद्यांस्नी ठावं हाय."
मग कशासाठी?
"सुटल्यावरच द्या. देवळात. यशवंतची आई असंल तवाच. चोरून नको."
हे पश्चात्तापाचं बोलणं की हट्टाचं? इतकी वर्षं लोकांची मनं ओळखण्याचं काम करतो म्हणे मी.

१४ ऑक्टो.
उपासनेनंतर रा.बाईंना ऑफिसात बसवलं आणि सगळं सांगितलं. वर्गाचंही. इतके दिवस लपवलं होतं तेही.
ऐकून घेतलं. मग, "तुमी त्येला ल्ह्यायला शिकवलं?"
व्हय म्हणालो.
"आमच्या यशवंताला शिकवलं तसंच?"
मी टेबलावरची पुस्तकं सरळ करत राहिलो.
"देवाला त्येला माफ करायचं आसंल तर करू दे. त्यो मोठा हाय. मला कुणी सांगू नका करायला." उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "पोरांच्या भाकऱ्या राहिल्यात."
मी माफीवर किती उपदेश केले असतील! एकही कामाला आला नाही.

११ नोव्हें.
चर्चची पंचकमिटी. भोरेसर (आमचे ज्येष्ठ डीकन, मंडळीचा कारभार तेच बघतात) भलतेच खूश. "मोठी साक्ष होईल, पाळकसाहेब! वार्षिक सभेत उभा करू त्याला, स्वतःची गोष्ट सांगायला." मला एकदम राग आला. त्यांचा की माझा, कळेना. कारण तेच चित्र एकदा माझ्याही डोळ्यांपुढे येऊन गेलं होतं.

मे २००२
शाळेतून निवृत्त. हार, नारळ, भाषणं. आता नुसता पाळक. मुख्याध्यापक असताना बरं होतं. प्रश्न आला की नियम काढून बघायचा.

१७ ऑगस्ट २००२
घरी एक म्हातारी आली. इरकली लुगडं, कपाळाला विभूती. उंबऱ्याबाहेरच उभी. "पावणं, तुमीच काय त्ये पाद्री? मी बसवराजची अव्वा." म्हणजे आई.
आत या म्हटलं, आली नाही. सुमननं दिलेलं पाणीही घेतलं नाही.
"येकुलता पोरगा सरकारनं नेला. त्येचं जे राह्यलंय त्ये तुमी न्हेताय. गळ्यातलं लिंग काढाय लावणार न्हवं?"
मी कुणाला ओढत नाही, त्यानं स्वतः मागितलंय, असं काहीतरी म्हणालो.
"मागू दे. ल्हान असताना त्यो चुलीतला इस्तू बी मागायचा. मी देत न्हवते."
गेली. बसस्टँडपर्यंत सोडतो म्हणालो तर हातानंच नको केलं. रा.बाईंची आठवण झाली. दोघींची पाठ सारखीच.

१५ मार्च २००३
ब.ला विचारलं, अव्वाचं काय?
"तिला बी सोडायचं न्हाई, सर."
लिंग?
"त्येच तुमास्नी इचारणार हुतो. ऱ्हायलं गळ्यात तर चालतंय का?"
आमच्या शिकवणुकीत याचं उत्तर आहे. स्पष्ट आहे. मला ते देता आलं नाही. बघू म्हणालो.

५ ऑक्टो. २००३, रविवार
सुटला. आज उपासनेला आला. कुणाला न सांगता मागच्या बाकावर बसला. केस पांढरे झालेत. तुरुंगातल्या उजेडात जाणवले नव्हते.
प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरलं. त्याच्यापाशी आलं, त्यानं न घेता पुढे दिलं. रा.बाईंनी वळून पाहिलं होतं.
नंतर माझ्याकडे आल्या. "त्येनं घेतलं न्हाई."
बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून, असं सांगितलं.
"माझ्यासाटी थांबलाय व्हय?"
मी रिकामं ताट पुसायला घेतलं.
"माझ्यासाटी थांबू नगा. आन माझ्यासाटी करू बी नगा." निघता निघता थांबल्या. "त्येला बघितला की मला यशवंताचं वय मोजावं लागतंय."

८ नोव्हें.
ब.ला सांगितलं, पुढच्या रविवारी. लिंगाचं तू आणि तुझा देव बघून घ्या, मी विचारणार नाही. भोरेसरांना हे कळलं तर कमिटी माझं काय करेल, देव जाणे. बरोबर केलं का? सुमन म्हणते, "आता तरी एकदा ठरवा." ठरवलं की. ठरवूनही असं अधांतरी वाटतंय.

१६ नोव्हें., रविवार
बाप्तिस्म्याचा हौद काठोकाठ भरलेला. पांढरा झगा घालून मी पाण्यात उतरून उभा. रा.बाई पुढच्या बाकावर. येतील असं वाटलं नव्हतं.
गीत सुरू झालं आणि बसवराज दारात दिसला. शेजारी त्याची अव्वा, त्याचं मनगट धरून. सगळ्यांच्या माना वळल्या. रा.बाईंचीही. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार.
रा.बाई बाकावर थोड्या सरकल्या.
अव्वानं पोराचं मनगट सोडलं, मधल्या वाटेनं आली आणि त्या मोकळ्या जागेत बसली. दोघींमध्ये वीतभर अंतर. पुन्हा बघणं नाही.
बसवराज दारातच. गीत संपलं. मी पुन्हा तेच घ्यायला सांगितलं. तेही संपलं. पाणी गार, पायाला मुंग्या आलेल्या. तो माझ्याकडे बघत नव्हता. पुढच्या बाकाकडे, त्या दोन पाठींकडे बघत होता. मग चपला काढल्या, आत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. दोन्ही हात तोंडावर.
मी हाक मारली नाही. मारायला हवी होती का?
ओल्या अंगानंच आशीर्वाद दिला.
बाहेर त्याला विचारलं, पुढच्या रविवारी?
"सर, आज त्या दोघी शेजारी बसल्या. मधी मी कसा उटू? मी पाण्यात उतरलो आसतो तर येक तरी उटून गेली आसती."
अव्वा त्याला घेऊन बसस्टँडकडे गेली. रा.बाई वसतिगृहाकडे.
भोरेसर चिडलेले. "हौदातलं पाणी सोडायचं ना आता?"
राहू द्या म्हणालो.