बुजगावण्याची टोपी

डी मॉइन,
३१ ऑक्टोबर

प्रिय लोइस,

बाबांची टोपी माझ्या ओसरीच्या कठड्यावर राहिली आहे. ती परत करायला तुझ्या दारात यावं लागणार आणि दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला सुचत नाही, म्हणून लिहिते आहे.

एप्रिलपासून आपण बोललेलो नाही. तू बरी असशील असं धरून चालते. माझा गुडघा होता तसाच आहे. अंगणातल्या मेपलने यंदा पानं लवकर टाकली.

काल संध्याकाळी ओसरीचा दिवा लावला आणि चॉकलेटांचा वाडगा मांडीवर घेऊन बसले. शेजारची इर्मा तिची खुर्ची घेऊन आली होती. तिच्या ओहायोच्या सुनेला अजून पटत नाही की आपल्याकडे पोरं सोंगं घेऊन हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळीच दारोदार फिरतात आणि विनोद सांगितल्याशिवाय त्यांना काही मिळत नाही. मी इर्माला म्हटलं, नियम गावाचा आहे, माझा नाही.

डायनासोर झालेल्या एका चिमुरड्याने विनोदाचा शेवट आधीच सांगून टाकला. त्याला दिलं. एक चेटकीण विनोद विसरली आणि नुसतीच हसत सुटली. तिलाही दिलं. मग एक बुजगावणं आलं. तोंडावर तरटाचा मुखवटा, बाह्यांतून पेंढा बाहेर आलेला. मी ओळखलं नाही.

त्याने टोपी काढून कठड्यावर ठेवली, दोन्ही हातांनी उशीचा अभ्रा उघडून धरला आणि सांगायला लागलं: "शेतकऱ्याने बुजगावण्याला विचारलं, काय रे, कावळे येतात का? बुजगावणं म्हणालं, येतात की मालक. तुम्ही आलात की उडून जातात."

इर्मा खो खो हसली. मी म्हटलं, "हा जुना झाला. दुसरा सांग."

"मला एवढाच येतो," ते म्हणालं. "आजी म्हणाली, वर्नाआजीला हाच सांग."

"मग पुढच्याला येऊ दे."

इर्मा म्हणाली, "अगं वर्ना, तोंडी परीक्षा घेतेस की काय? लेकरू आहे, दे की."

मी पुढच्याला बोलावलं. तुझी ग्रेटा अभ्रा तसाच उघडा धरून पायऱ्या उतरली. रडली नाही. टोपी विसरली.

मी ओळखलं नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. टोपीची करपलेली कड मी पोरगी फाटकात असतानाच ओळखली होती. बाबांनी ती चुलीवर वाळत घातली तेव्हा मीच ओरडले होते. आणि आवाज तर तुझाच आहे, तू आठ वर्षांची असतानाचा. तुझी नात आहे हे कळलं, म्हणूनच मी दिलं नाही. अनोळखी मूल असतं तर दोन दिली असती.

आता एप्रिलचंही लिहायला हवं. चर्चच्या तळघरात सगळे जेवायला बसले होते आणि तू बाबांचा हाच विनोद सांगितलास. मी ताट ठेवून उठले. "बाप मातीआड होऊन तास झाला नाही आणि तुला हसू सुचतं," असं सगळ्यांदेखत म्हणाले. लोकांना वाटलं, थोरलीला बापाचं फार. तसं नव्हतं. हसताना सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. बाबाही शेवटचं वाक्य म्हणताना टेबलाच्या पलीकडून माझ्याकडेच पाहायचे, आणि मी इतकी वर्षं समजत होते की त्यांना माझी दाद हवी असते. शेतकरी मी आहे, हे मला तुझ्या तोंडून त्या दिवशी कळलं. वर्गात एवढी वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलं, त्यांना शांत बसवण्याचा मला अभिमान होता.

तू ग्रेटाला ती टोपी आणि तो विनोद देऊन माझ्याकडे पाठवलंस, तो टोमणा होता की समेटाचं बोलावणं, हे मी विचारणार नाही. टोमणा असला तरी तो तू मला मारला होतास. मी तो पोरीवर काढला. तिने विनोद नीट सांगितला होता, थांबायचं तिथे थांबूनसुद्धा.

टोपी झटकली आहे. चारच्या सुमारास घेऊन येते. तू दार उघडलं नाहीस तरी मी पायरीवर थांबेन.

आजवर तुला मीच रागावत आले. आता तुझी पाळी.

वर्ना

ता. क. तुझ्या पायरीवर बसून लिहिते आहे. तू घरी नाहीस. ग्रेटाने दार उघडलं, तिची आई मागे उभी होती. मी ग्रेटाची माफी मागितली. ती म्हणाली, "मग परत सांगू? पण टोपी लागेल." सांगताना शेवटच्या वाक्याआधी ती माझ्याकडे बघत एक पाऊल मागे सरकली. मला ते दिसलं.

ग्रेटाच्या हाती दिलं: बाबांची टोपी. उरलेली सगळी चॉकलेटं, वाडग्यासकट. तुझ्यासाठी हे पत्र.