पेशींसाठी डबा

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढंच वाकून). गुडघा कसा आहे? पत्रात डावा दुखतो म्हणाला होतात, फोनवर उजवा म्हणालात, म्हणून दोघांचीही चौकशी करते, उगाच एकाला वाईट वाटायला नको. भावोजींचा खोकला गेला का, की अजून पाहुणा म्हणून राहिलाय? इकडे सगळं क्षेम आहे. इतकं क्षेम आहे की आता सहन होत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमचे बंधुराज निवृत्त झाल्याला आठ महिने झाले. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले आणि पुढच्या दोन महिन्यांत प्लंबरने ते परत दुरुस्त केले. मग रिकामा वेळ आणि मोबाइल एकत्र आले, आणि कुठूनतरी एक लेख त्यांच्या हाती लागला. रेडिएशनने शरीरातल्या पेशींना इजा होते आणि गडद रंगाच्या फळांतली अँटिऑक्सिडंट ती इजा थोपवतात, असं त्यात लिहिलं होतं. झालं! बायको सव्वीस वर्षं दवाखान्याच्या एक्स-रे विभागात, हे सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे प्रयोग अजून उंदरांवरच चालू आहेत. ते मी बोट ठेवून दाखवलं, तर म्हणाले, उंदराला गुण येतो, मग तुला का नाही येणार? (यावर काय बोलायचं ते तुम्हीच सांगा. तुम्ही त्यांना माझ्याआधीपासून ओळखता.)

तेव्हापासून सकाळी सहाला उठून ते डाळिंबं सोलतात. मांडीवर जुना पेपर, नाकावर चष्मा, एकेक दाणा असा काढतात की सोनार काय काढेल! स्वयंपाकघराच्या भिंतीला गोवर आल्यासारखे गुलाबी ठिपके पडलेत. माझा जेवणाचा डबा धाकटा झाला आणि फळांचा थोरला: खालच्या कप्प्यात डाळिंब, मधल्यात काळी द्राक्षं, वरच्यात जे जांभळं मिळेल ते. संध्याकाळी मी घरी आले की हे मी कशी आहे ते विचारत नाहीत, पेशी कशा आहेत ते विचारतात. माझ्या अंगात कोट्यवधी पेशी आहेत म्हणे, त्यातली एकही पाणी भरत नाही की भांडी घासत नाही, पण लाड बघा. माझी जीभ तर कायमची जांभळी झालीय. परवा एका पेशंटला मशीनपुढे उभं करून श्वास रोखा म्हणायला तोंड उघडलं, तर त्याने मी बोलायच्या आधीच रोखला.

आता मुद्द्यावर येते. (मला माहीत आहे, तुम्ही केव्हाच्या म्हणत असाल, ये बाई एकदाची.) फळांचं पर्व सुरू झालं त्याच आठवड्यात मला त्यांचा उबग आला, आणि एका दुपारी कोणी बघत नाही असं बघून मी डबा कचऱ्याच्या टोपलीत रिकामा करायला गेले. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. झाकण अडकलं, मी हिसडा दिला, आणि अर्धा किलो डाळिंब माझ्याच पांढऱ्या कोटावर आलं. रुमालाने पुसायला गेले तर डाग आणखी पसरला. तो कोट घालून बाहेर गेले असते तर लोकांनी पोलीस बोलावले असते. कोट गुंडाळून घरी आणला आणि ह्यांना दिसू नये म्हणून कपाटात रजयांच्या खाली कोंबला. विभागात माझा जुना कोट होता, तो घातला. इथवर ठीक. पण डागाच्या कोटाच्या खिशाला माझा बॅज होता, त्याच सकाळी मिळालेला, नवाकोरा.

बॅज म्हणजे आमच्या सगळ्यांच्या छातीला लावलेली छोटी डबी असते. अंगावर किरण अडवणारा शिशाचा एप्रन आणि त्याच्या आत हा बॅज. तीन महिन्यांत आपल्याला किती रेडिएशन लागलं ते तो मुकाट्याने टिपून ठेवतो, आणि तिमाही संपली की सगळ्यांचे बॅज गोळा करून तपासायला पाठवायचे. गोळा कोण करतं? मीच, सगळ्यांत जुनी आणि जबाबदार म्हणून. (हसू नका.) रोज म्हणायचे, उद्या काढू, उद्या काढू, आणि उद्या करता करता तिमाही संपली. शेवटच्या दिवशी रजयांखालून बॅज काढला, पुसला, आणि शहाण्यासारखा इतरांच्या बॅजमध्ये ठेवून दिला. रिपोर्ट आला. सगळ्यांचे आकडे नेहमीसारखे, थोडे थोडे, मर्यादेच्या पुष्कळ आत. माझा शून्य! कपाटात तीन महिने झोपलेल्या बॅजला दुसरं काय दिसणार?

मी तोंड उघडायच्या आत रिपोर्ट फळ्यावर लागला, आणि त्याच दिवशी तुमचे बंधुराज मी चष्मा विसरले म्हणून तो द्यायला आले. तो शून्य त्यांनी वाचला, परत वाचला, दाराशी जाऊन उजेडात वाचला. वन्सं, मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा उजळला नव्हता. (त्या निकालात उजळण्यासारखं फारसं नव्हतं, हेही खरं.) दुसऱ्या दिवशी पेटीभर डाळिंबं घेऊन विभागात हजर! सगळ्यांना बसवून पेशी, फळं, उंदीर आणि मी, असं पाऊण तास व्याख्यान दिलं. मोठ्या डॉक्टरांनीही फळं कोणी खाल्ली तर चांगलंच आहे म्हणून चार दाणे तोंडात टाकले आणि ते निघून गेले. मी कोपऱ्यात उभी होते आणि सगळे माझ्याकडे एखाद्या जागृत देवस्थानाकडे बघावं तसे बघत होते.

इथवर सगळी गंमत होती. पण आमच्याकडे एक मामा आहेत, स्ट्रेचर ढकलणारे. एखादं मूल हट्टाला पेटलं, स्थिर राहीना, की त्याला धरून उभे राहतात तेच. एप्रन पाच किलोचा, मामांची पाठ साठ वर्षांची. गेल्या सोमवारपासून मामांनी एप्रन खुंटीला टांगला आणि खिशात द्राक्षं ठेवायला लागले. मी ओरडले, तर म्हणतात, बाई, तुमचा शून्य आला आणि मलाच ओझं का? खरं सांगावं तर बॅज नुसता लावायचा राहिला नाही, वर मी तो खोटेपणाने पाठवला, हे बाहेर येणार, आणि पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय, ती माझ्या नावावर जवळजवळ लागलीय. न सांगावं तर मामा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय. आणि ह्यांना तरी कोणत्या तोंडाने सांगू? चारचौघांत त्यांचं हसं होईल.

तूर्तास एवढंच. भावोजींना नमस्कार, मुलाबाळांना आशीर्वाद, आणि हे पत्र वाचून झालं की फाडा. फाडायच्या आधी एकदा परत वाचलंत तरी चालेल.

तुमची,
जांभळी भावजय

ता. क. मुख्य काम राहिलंच. तुमच्या बंधुराजांना महिनाभर तिकडे बोलावून घ्या. गुडघ्याचं निमित्त सांगा, कुठल्याही. ते तिकडे असले की मी इथे खरं काय ते सांगून टाकीन, आणि परत येईतो लोक हसून दमलेले असतील.

ता. क. २. पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी हात मोडलेलं एक पोर आलं, भोकाड पसरलेलं. मामा नुसत्या सदऱ्यावर त्याला धरून उभे राहिले. माझं बोट बटणावर होतं. वन्सं, ते दाबवेना. बाहेर आले आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर सांगून टाकलं, कोट, डाग, रजया, सगळं. मामा एप्रन चढवता चढवता म्हणाले, द्राक्षं मात्र गोड होती हो. मोठ्या डॉक्टरांनी मेमो दिला आणि खुर्ची दुसऱ्याला जाणार हेही सांगितलं. मला वाईट वाटलं, फार वाटलं, पण मामांच्या गळ्यात तो एप्रन बघून बरंही वाटलं.

ता. क. ३. काल घरी येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं चिडतील, नाहीतर लाजतील. दोन्हींतलं काहीच झालं नाही. एवढंच म्हणाले, म्हणजे तीन महिने तुला किती लागलं ते कोणालाच माहीत नाही? एप्रन रोज होता, इतरांचे आकडे ठीक आहेत म्हणजे माझाही ठीकच असणार, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण चेहरा उतरला तो उतरलाच. आज सकाळी उठले तर स्वयंपाकघरात कोणी नाही. पेपर घडी न मोडता पडलेला. फळांचा डबा रिकामा, पालथा. म्हणाले, कशाला उगाच, उंदरांचंच औषध ते. मला हायसं वाटायला हवं होतं, की नाही? मला रडू फुटलं. तेव्हा वन्सं, ह्यांना तिकडे बोलावू नका, बोलावलंत तरी मी पाठवणार नाही. उलट एक पत्र लिहा, तुम्ही थोरल्या, तुमचं ते ऐकतात. लिहा की एप्रन तो एप्रन, त्याला पर्याय नाही, पण सोबत फळंही हवीतच, आणि ती कोणीतरी सोलून दिलेलीच हवीत. तुमचं स्वतःचं मत म्हणून लिहा. माझं नाव कुठे येऊ देऊ नका, नाहीतर माणूस डोक्यावर बसेल.